सर्च सर्व्हरची मेमरी: आमच्या फोनवर वारंवार येणारे प्रश्न

रत्नागिरीत बसून आम्ही दोन ठिकाणचा शोध सांभाळतो. एक देवगड-राजापूर पट्ट्यातल्या आंबा बागायतदारांच्या गटाची विक्रीची साईट, दुसरा एका वाचनालयाच्या जुन्या अंकांच्या स्कॅन केलेल्या पानांचा संग्रह. दोन्हीकडे इलॅस्टिकसर्च हा शोधाचा प्रोग्राम आहे आणि दोन्ही १६ जीबी रॅमच्या एकाच मशीनवर चालतात. मार्च ते मे या दिवसांत फोन थांबत नाही आणि दहातले आठ फोन मेमरीचेच असतात. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून हे लिहून ठेवलं आहे. सोलर किंवा ओपनसर्च हे तसलेच प्रोग्राम वापरणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, कारण तिन्हींच्या पोटात ल्युसीन हे एकच शोधाचं इंजिन आहे.

टॉप (कोण किती मेमरी खातंय ते दाखवणारी लिनक्सची कमांड) लावून बघितलं तर जावा (इलॅस्टिकसर्च त्याच्यावर चालतं) सगळी मेमरी खातोय, फ्रीच्या रकान्यात तीन-चारशे एमबी उरलेत. आता काय?

आता काही नाही. चहा घ्या.

थट्टा नाही, हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि बहुतेक वेळा बिघाड काहीच नसतो. ल्युसीन इंडेक्सच्या, म्हणजे शोधासाठी केलेल्या सूचीच्या, फाइली मेमरीत मॅप करून (मेमरीचाच भाग असल्यासारख्या) वाचतं. वाचलेली पानं लिनक्स आपल्या पेज कॅशमध्ये ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी डिस्कवर जावं लागत नाही. रॅम मोकळी असेल तर लिनक्स ती या कामाला लावणारच. दुसऱ्या प्रोग्रामला गरज पडली की हीच पानं सोडूनही देतं. म्हणून फ्रीचा रकाना सोडा आणि अव्हेलेबलचा वाचा. टॉपमधला व्हर्टचा (मॅप केलेलं सगळं धरून येणारा) आकडा तर बघूच नका. इंडेक्स ४० जीबीचा असेल तर तो आकडा ४० च्या वर दिसेल, मशीनमध्ये रॅम १६ असली तरी. रेसच्या (प्रत्यक्ष रॅममध्ये असलेल्या मेमरीच्या) आकड्यातही मॅप केलेली पानं धरलेली असतात. त्यामुळे हीप, म्हणजे जावाच्या स्वतःच्या कामाची मेमरी, ६ जीबी दिलेली असताना रेस ११ दिसला म्हणजे कुठे गळती आहे असं समजू नका.

इलॅस्टिकसर्चच्या कॅट-नोड्स या तपासणीच्या कमांडमध्ये दोन टक्केवाऱ्या येतात, रॅमची आणि हीपची. रॅमची ९८ दिसली तरी झोपा. हीपची बघा.

हीपची टक्केवारी ४० वरून ७२ वर जाते, परत ३८ वर येते. हे सारखं चालू आहे.

असंच चालायला हवं. जावा कचरा, म्हणजे वापरून झालेली मेमरी, साठू देतो आणि मग एकदम काढतो, म्हणून आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो.

ज्यांचं बालपण खाडीकाठी गेलंय त्यांना एका वाक्यात कळतं: भरतीची खूण बघू नका, सुकतीची, म्हणजे ओहोटीची बघा. कचरा काढल्यानंतर हीप कुठवर खाली उतरते तो आकडा टिपून ठेवा. आज ३८, उद्या ३८, परवा ३९ असेल तर प्रकृती ठणठणीत. आज ३८, आठवड्यानं ५५, पंधरवड्यानं ७० असेल तर काहीतरी मेमरी धरून बसलंय आणि सोडत नाहीये. सुकतीची खूण ८५ च्या आसपास आली की जावाचा सगळा वेळ कचरा काढण्यातच जातो.

एकदा बघून निष्कर्ष काढू नका. फोनवर “आत्ता ७४ दाखवतंय” एवढंच सांगितलंत तर आम्हाला काहीही सांगता येणार नाही. वर चढतानाचे ७४ की उतरून थांबलेले ७४, सगळा फरक तिथे आहे.

मग खरं दुखणं आहे हे ओळखायचं कसं?

लॉगमध्ये जीसी (कचरा काढणं) आणि ओव्हरहेड हे दोन शब्द असलेल्या ओळी शोधा. त्यात लिहिलेलं असतं की मागच्या अमुक सेकंदांपैकी इतका वेळ कचरा काढण्यात गेला. कधीतरी एखादी ओळ आली तर चालतं, ओळीमागून ओळ यायला लागली की समजायचं.

दुसरी खूण म्हणजे सर्किट ब्रेकरची चूक, सोबत ४२९ हा कोड. घरातल्या एमसीबीसारखीच ही सोय आहे. हीपचा एकूण वापर ९५ टक्क्यांपलीकडे जाणार असं दिसलं की इलॅस्टिकसर्च ती विनंती नाकारतं, पण स्वतः उभं राहतं. फील्डडेटासाठी (नोंदीतल्या एका रकान्याचा, म्हणजे फील्डचा, सगळा माल हीपमध्ये) ४० टक्के आणि एका विनंतीसाठी ६० टक्के असे वेगळे ब्रेकरही आहेत. कुठला पडला ते चुकीच्या संदेशातच लिहिलेलं असतं. ते वाचून सांगा. ब्रेकरची मर्यादा वाढवणं म्हणजे फ्यूज उडतो म्हणून जाड तार घालण्यासारखं आहे. आमच्यातल्याच एकानं ते केलं होतं आणि त्या संध्याकाळी अख्खी प्रोसेस गेली.

हीप किती द्यायची? १६ पैकी १२ दिली तर वेग वाढेल ना?

आम्हालाही तसंच वाटलं होतं. १२ दिली आणि शोध हळू झाला. कारण साधं आहे: १२ जीबी जावानं बाजूला काढून ठेवली, उरलेल्या ४ मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम आणि पेज कॅश. इंडेक्स ११ जीबीचा, तो त्यात मावेना, म्हणून प्रत्येक शोधाला डिस्क. हीप ६ वर आणली तेव्हा गाडी रुळावर आली.

नियम असा: एकूण रॅमच्या अर्ध्याहून जास्त हीप देऊ नका, आणि किमान व कमाल हे दोन्ही आकडे सारखेच ठेवा. ७.११ पासून इलॅस्टिकसर्च स्वतःच मशीन बघून हीप ठरवतं. खास कारण नसेल तर त्याला ठरवू द्या.

मोठ्या मशीनवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. हीप ३२ जीबीच्या आतच ठेवा, २६ पर्यंत तर बिनधास्त. ३२ ओलांडलं की जावाचे पॉइंटर ४ ऐवजी ८ बाइटचे होतात. मग ३४ जीबीची हीप प्रत्यक्षात ३१ पेक्षा कमी माल ठेवते. आपल्या भागात एवढं मशीन कुणाकडे नाही म्हणा, पण पुण्या-मुंबईहून “आम्ही ४८ दिली” असं सांगणारे भेटतात.

गावानुसार यादी लावली आणि दुसऱ्या दिवसापासून हीप उतरेना.

हा आमचा स्वतःचा पराक्रम आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

गिऱ्हाईकाला डाव्या बाजूला गावांची यादी हवी होती: देवगड इतके, जामसंडे इतके, पडेल इतके. गावाचं फील्ड टेक्स्ट प्रकारचं होतं. त्यावर मोजणी लावली तर इलॅस्टिकसर्चनं नकार दिला. ५.० पासून टेक्स्ट फील्डवर फील्डडेटा मुळात बंद असतो. तेव्हाच्या नकाराच्या संदेशात पहिल्यांदा लिहिलेलं होतं की फील्डडेटा ट्रू (चालू) करा. पुढे लिहिलेलं होतं की यात बरीच मेमरी जाऊ शकते, त्यापेक्षा कीवर्ड (मजकूर अखंड ठेवणारं) फील्ड वापरा. एप्रिलमधल्या रात्री साडेअकराला कोण पूर्ण वाचतो? पहिला भाग वाचला, ट्रू केलं, यादी दिसली, घरी गेलो.

झालं काय, तर इंडेक्समधल्या प्रत्येक नोंदीतला गावाचा प्रत्येक शब्द उलटा लावून हीपमध्ये बसला. शोधात ज्या नोंदी आल्या तेवढ्याच नव्हे, इंडेक्समधल्या सगळ्या. आणि एकदा बसला की तो सेगमेंट (इंडेक्सचा एक तुकडा) असेपर्यंत उठत नाही. गंमत म्हणजे यादीही चुकीचीच होती. टेक्स्ट फील्डचे शब्द सुटे होतात, त्यामुळे सगळ्यात वर “तालुका” नावाचं गाव आलं, त्याखाली “खुर्द” आणि “बुद्रुक”. एका बागायतदारानं फोन करून विचारलं, “ह्या तालुका नावाचा गाव खंय आसा रे?”

उपाय: गाव, जात, ग्रेड, पेटीतल्या डझनांची संख्या अशी जी फील्डं मोजायची किंवा क्रमानं लावायची आहेत ती कीवर्ड किंवा आकड्यांच्या प्रकारची करा. त्यांचा माल रकान्यांच्या रचनेत डिस्कवर राहतो आणि लागेल तसा पेज कॅशमध्ये येतो, हीपवर भार जवळजवळ नाही. शोधायलाही हवं आणि मोजायलाही हवं असेल तर एकाच फील्डला दोन रूपं देता येतात. प्रकार नंतर बदलता येत नाही, नवा इंडेक्स करून माल त्यात ओतावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं.

तुमच्याकडे हे झालंय का हे बघायला कॅट-फील्डडेटा चालवा. तिथे कुठल्या फील्डनं किती हीप धरलीय ते नावानिशी दिसतं.

मराठीत अर्धा शब्द लिहिला तरी सापडावा म्हणून एनग्राम (शब्दाचे सगळे लहानमोठे तुकडे) लावले. इंडेक्स फुगलाय.

फुगणारच. हिशेब करून बघा. “रत्नागिरी” डोळ्याला चार अक्षरं दिसतात, पण युनिकोडमध्ये तो ९ चिन्हांचा शब्द आहे: र, त, हलन्त, न, काना, ग, ऱ्हस्व वेलांटी, र, दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे २७. १ ते ९ लांबीचे सगळे तुकडे पाडले तर ४५ होतात. एका शब्दाचे ४५! त्यातले कित्येक काना किंवा वेलांटीनं सुरू होतात, जे कुणी कधी टाइप करणार नाही. किमान आणि कमाल लांबीतला फरक १ पेक्षा जास्त ठेवू नये म्हणून ७.० पासून मुद्दाम मर्यादा घातलेली आहे. ती वाढवताना आपण काय करतोय याचा विचार व्हायला हवा होता, आमचाही झाला नाही.

एवढ्यावर भागलं नाही. शोधणाऱ्यानं टाइप केलेल्या शब्दाचेही आम्ही तुकडे करत होतो. म्हणजे एक शब्द लिहिला की आतमध्ये ४५ शब्दांचा शोध, आणि निकालात अर्धं कोकण. साठवतानाचा अॅनालायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) आणि शोधतानाचा अॅनालायझर वेगळे ठेवता येतात. शोधताना शब्द अखंड जाऊ द्या.

मग एनग्राम काढून फक्त सुरुवातीपासूनचे तुकडे ठेवले, किमान २ चिन्हांचे. “रत्नागिरी”चे आता ८ होतात. इंडेक्स परत पेज कॅशमध्ये मावला.

पण खरं म्हणजे लोकांना अर्धा शब्द शोधायचा नव्हताच. त्यांना शुद्धलेखनाची अडचण होती. कुणी हापूस लिहितं, कुणी हापुस. कुणी “किनाऱ्यावर” एका तऱ्हेनं टाइप करतं, कुणाच्या कीबोर्डवर तोच ऱ्य साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक असा येतो. डोळ्याला सारखंच, मशीनला दोन वेगळे शब्द. यावर एनग्राम हा दुखण्यापेक्षा घातक उपाय होता. साठवायच्या आधीच ऱ्हस्व-दीर्घ एक करा, जोडक काढून टाका, दोन्ही ऱ एकसारखे करा. हे अक्षर बदलण्याच्या फिल्टरमध्ये पाच-सात ओळींत होतं. “दिन” आणि “दीन” एक होतील हे खरं. आंबे विकताना त्यानं काही बिघडत नाही. वाचनालयाच्या मंडळींनी मात्र कुरकुर केली, म्हणून तिथे मूळ रूपही वेगळ्या फील्डमध्ये ठेवलंय आणि जुळलं तर त्याला वरचा क्रमांक देतो.

हिशेबासाठी सगळ्या ऑर्डरी एक्सेलमध्ये हव्यात. दहा हजारांच्या पुढे देत नाही.

आणि कुणीतरी सांगितलं की ती मर्यादा दहा लाख करा. करू नका.

९,९९१ ते १०,००० क्रमांकाच्या नोंदी मागितल्या तर प्रत्येक शार्डला (इंडेक्सच्या एका हिश्श्याला) पहिल्या १०,००० ची रांग मेमरीत लावावी लागते. ५ शार्ड असतील तर ५०,००० एकत्र करून त्यातल्या १० तुम्हाला मिळतात, बाकी फेकल्या. मर्यादा दहा लाख केली की एक क्लिक पन्नास लाखांची रांग लावू शकतो. एक्सेलसाठी सर्च-आफ्टर वापरा. शेवटची नोंद कुठली होती ते सांगायचं, पुढच्या हजार घ्यायच्या.

जुन्या स्क्रिप्टमध्ये स्क्रोल (सगळ्या नोंदी टप्प्याटप्प्यानं काढायची जुनी पद्धत) असेल तर चालवा, पण काम झाल्यावर तो बंद करा. उघडा राहिलेला स्क्रोल जुने सेगमेंट धरून ठेवतो. आमच्याकडे एका स्क्रिप्टमध्ये बारा तासांची मुदत टाकलेली होती आणि ती दर दहा मिनिटांनी चालायची. वर ५०० उघड्या स्क्रोलची मर्यादा आहे म्हणून बरं.

प्रत्येक बागायतदाराचा वेगळा इंडेक्स ठेवला तर नीटनेटकं नाही का?

दिसायला नीटनेटकं. प्रत्येक शार्ड म्हणजे ल्युसीनचा एक स्वतंत्र इंडेक्स, त्याचा ठरावीक खर्च हीपमधून जातो, आत माल असो वा नसो. ७.० च्या आधी कुणी काही न सांगितल्यास एका इंडेक्सला ५ शार्ड मिळायचे, नंतर १ केला. जुन्या सेटिंगनं रोजचा एक लॉग इंडेक्स ठेवाल तर वर्षाला १,८२५ शार्ड, आणि एका नोडची (इलॅस्टिकसर्चच्या एका सर्व्हरची) ठरलेली मर्यादा १,०००. तीनशे पेट्यांच्या नोंदीला वेगळा इंडेक्स कशाला? एकच ठेवा, बागायतदाराचं नाव कीवर्ड फील्डमध्ये.

वाचनालयाची पानं भरताना सर्व्हर बसतो.

२०२१ च्या जुलैत चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं आणि त्यानंतर आमच्या वाचनालयानं स्कॅनिंगचं मनावर घेतलं. उत्साहाच्या भरात अख्खा खंड एक नोंद म्हणून भरला गेला. सहाशे पानांचा मजकूर एका नोंदीत. शोधल्यावर शब्द पिवळा करून दाखवायचा तर तो सगळा मजकूर मेमरीत घेऊन परत वाचावा लागतो. दहा लाख चिन्हांपुढे इलॅस्टिकसर्च तेही नाकारतं. एक पान, एक नोंद असं करा. वाचकालाही खंड क्रमांक सांगण्यापेक्षा पान सांगितलेलं बरं.

एका विनंतीत १०० एमबीपेक्षा जास्त पाठवता येत नाही, पण म्हणून ९९ पाठवू नका. ५-१० एमबीचे गठ्ठे, एका वेळी दोन-तीनच. ४२९ आला तर थांबून परत पाठवा.

रात्रीत सर्व्हर बंद पडतो, लॉगमध्ये चकार शब्द नाही.

चकार शब्द नाही हाच पुरावा. जावाची हीप संपली असती तर लॉगमध्ये आउट ऑफ मेमरीची चूक दिसली असती. काहीच न बोलता गेला म्हणजे बहुधा लिनक्सच्या ओओएम किलरनं (रॅम संपली की प्रोसेस मारणाऱ्या सोयीनं) मारला. डी-मेसेजमध्ये (लिनक्सच्या स्वतःच्या लॉगमध्ये) किल्ड प्रोसेस शोधा. डॉकरमध्ये (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या सोयीत) असेल तर बाहेर पडतानाचा कोड १३७ दिसेल.

कारण बहुतेक वेळा एकच: कंटेनरला ४ जीबी दिले आणि हीपलाही ४. हीपबाहेर थ्रेड असतात, नेटवर्कचे बफर असतात, जावाचा स्वतःचा पसारा असतो, त्यांनी जायचं कुठे? किंवा त्याच मशीनवर कुणीतरी स्कॅन केलेल्या चित्रांवर अक्षर-ओळख चालू करून घरी गेलेलं असतं. आमच्याकडे दोन्ही झालंय.

हीप संपून गेला असेल तर मागे हीप डंप (त्या क्षणाच्या हीपची नक्कल) राहतो, हीपएवढाच मोठा. इक्लिप्सच्या मेमरी अॅनालायझरमध्ये तो उघडला की कोण काय धरून बसलंय ते दिसतं. तपासून झाला की हलवा. आमचे असे तीन डंप साठले, डिस्क ९५ टक्क्यांवर गेली आणि इलॅस्टिकसर्चनं लिहिणंच बंद केलं. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी नव्या पेट्या साईटवर दिसेनात, आणि आम्ही दुपारपर्यंत मेमरी तपासत बसलो होतो.

स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ठेवू का, अडीअडचणीला?

नको. हीपचा एखादा भाग डिस्कवर गेला की मिलिसेकंदांत होणारा कचरा काढायचा उद्योग मिनिटांवर जातो. स्वॅप बंद करा, किंवा मेमरी लॉकचं (हीप रॅममध्येच ठेवणारं) सेटिंग लावा.

वीज गेली, परत आली. आता रॅम भरपूर मोकळी दिसते, पण शोध रखडतोय. उलटं कसं?

उलटं नाही, पहिल्या प्रश्नाचंच उत्तर दुसऱ्या बाजूनं. पेज कॅश रिकामा झाला, सगळं डिस्कवरून येतंय. नेहमीचे पंधरा-वीस शोध आपणच मारून घ्या, गाडी तापते.

“सर्व्हर परत झोपलो” म्हणून रोज पहाटे रीस्टार्ट लावणाऱ्यांनाही हेच उत्तर. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकांना तुम्ही मुद्दाम थंड कॅश देताय. शिवाय सुकतीची खूण रोज पुसली जाते आणि आजार कधीच दिसत नाही. आमच्याकडे असा रीस्टार्ट आठ महिने चालू होता. तो काढल्यावर चौथ्या दिवशी फील्डडेटा सापडला.

सरळ रॅम वाढवली तर?

वरचं सगळं तपासून झालं असेल आणि सुकतीची खूण तरीही वर असेल, किंवा इंडेक्सच खरोखर मोठा झाला असेल, तर वाढवा. ट्रू केलेल्या फील्डडेटासाठी रॅम घेतलीत तर तीही तोच खाईल.

फोन करण्याआधी काय काढून ठेवायचं?

कॅट-नोड्सचे एका तासातले पाच-सहा आकडे वेळेसकट, कॅट-फील्डडेटा, शार्डांची एकूण संख्या, ब्रेकरची चूक असेल तर तिचा पूर्ण मजकूर (फोटो चालेल, पण स्क्रीन पुसून काढा), आणि काल काय बदललं ते. “काहीच नाही बदललं” हे उत्तर आम्ही स्वीकारत नाही.

नव्या आवृत्तीत मेमरी कमी लागते म्हणे. आत्ताच करून टाकू?

आंबा चालू असताना नाही. एकदा पुढच्या आवृत्तीवर गेलं की मागे येता येत नाही, आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवरून (मालाच्या साठवलेल्या प्रतीवरून) जुन्या आवृत्तीत सगळं परत उभं करावं लागतं. जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढल्या की आम्हालाही वेळ असतो, पण तेव्हा विजेचा भरवसा नाही. गणपती झाले की करू. स्नॅपशॉट आजच घेऊन ठेवा.